बिबळिणीचं फर्निचर

एका जंगलात, मुलांनो, झाडंच झाडं होती. जंगलात झाडं असायचीच, त्यात काय सांगायचं, असं मागून कोण पुटपुटलं? ऐका आधी. तिथे एवढी झाडं होती, आणि तरीही तिथे एकाने लाकडाचा खांब उभा केला. म्हणून तर गोष्ट झाली. नाहीतर मी कशाला घसा कोरडा केला असता?

नीट मांडी घालून बसा. ज्या मुलांचे गुडघे दुखतात त्यांनी भिंतीला टेकलं तरी चालेल.

तर त्या जंगलात एक अस्वल राहायचं. नाव झिपरूअण्णा. अंगाने दांडगे, केसाळ, स्वभावाने मऊ, आणि स्वतःबद्दल मत फार चांगलं. बायकोचं नाव कोंडाबाई. तिचं अण्णांबद्दलचं मत बेताचं होतं, पण ती ते सहसा बोलून दाखवत नसे.

त्यांच्या दारात मोहाचं झाड होतं. अण्णांच्या आजोबांच्या वेळचं. चैत्र आला की पहाटे त्याची फुलं टपटप गळायची. नवरा-बायको ती वेचून खायची, आणि दुपारपर्यंत दोघांनाही जग फार चांगलं वाटायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. अण्णांचा सगळा जीव त्या झाडात होता. कुणी त्याचं पान तोडलं तरी यांना जेवण जायचं नाही.

आणि नेमकं त्याच झाडावर हिराक्काचं मन बसलेलं.

हिराक्का म्हणजे बिबळीण. मोठी मांजरच म्हणा ना. पण मोठी म्हणजे चांगलीच मोठी. तरुण, लांबसडक, पायाला भिंगरी. घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ. रोज उजाडायच्या सुमाराला ती अण्णांच्या दारात यायची. मागच्या पायांवर उभी राहून अंग ताणायची, मोहाच्या बुंध्यात दोन्ही पंजे रोवायची आणि खाली ओढायची. कर्रर्र! मग एका उडीत वर, या फांदीवरून त्या फांदीवर, आणि धप्पकन खाली. की चालली आपल्या वाटेने.

तिकडे कर्रर्र झालं की इकडे अण्णांच्या काळजात चर्रर्र व्हायचं.

एकदा धीर करून ते म्हणाले, "हिराक्का, जंगलात झाडं काय थोडी आहेत?"

"पुष्कळ आहेत की अण्णा. पण हे कसं, नखांत बसलंय. माझी आई इथेच यायची. आजीसुद्धा."

"हो, पण साल निघते हो त्याची."

"निघते ना! तीच तर गंमत आहे," हिराक्का म्हणाली आणि अण्णांकडे बघून गोड हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बिबळीण गोड हसली की तिचे सगळे दात दिसतात, त्यामुळे अण्णांनी विषय तिथेच संपवला.

घरात येऊन ते कोंडाबाईवर चिडले. माणसं असंच करतात, अस्वलंही करतात.

"अहो, ओरबाडू दे की तिला," कोंडाबाई म्हणाली. "तिच्या आज्या-पणज्या ओरबाडत आल्या. झाड उभं आहे ना अजून?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" अण्णा म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. घरात हे वाक्य बोललं गेलं की पुढे काहीतरी पडतं.

ओढ्यापलीकडे नारोबा कोल्हा राहायचा. त्याच्या अंगणात गोड कंद होते, बोरी होत्या, पण त्याला कधी काही मिळालं म्हणून नाही. रोज रानडुकरांचा कळप यायचा आणि सगळं अंगण नांगरून जायचा. बिचाऱ्याचा दिवस खड्डे बुजवण्यात जायचा. डुकरं अण्णांच्या अंगणात मात्र पाऊल टाकत नसत. इतकी मोहाची फुलं पडायची, वास साऱ्या रानात सुटायचा, तरी डुकरं लांबून वळसा घालून जायची.

"त्याला दरारा लागतो, नारोबा," अण्णा छाती फुगवून सांगायचे. "मी नुसता दारात उभा राहिलो ना, तरी त्यांची हिंमत होत नाही."

नारोबा एकदा अण्णांकडे बघायचा, एकदा मोहाच्या बुंध्याकडे बघायचा, आणि म्हणायचा, "खरंय. दरारा लागतो."

आता या गोष्टीत पोपट येतो. नाव राघू. हा एका शहरात, एका घरात, एका पिंजऱ्यात काही काळ राहून आला होता. पिंजऱ्याचं दार कुणीतरी उघडं टाकलं म्हणून सुटला. पण जंगलात येऊन सांगायचा की तिकडे मोठ्या पदावर होतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'आमच्या शहरात'पासून सुरू व्हायचं.

अण्णांचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "आमच्या शहरात हा प्रश्नच नाही. तिथे मांजरांना फर्निचर असतं."

"काय असतं?"

"फर्निचर हो! ओरबाडायला खांब, चढायला फळ्या, वर बसायला मचाण. लोक घरच्या घरी करतात. आमच्याकडचा बोका तुमच्या हिराक्काएवढाच होता."

"मग तो त्याच खांबाला ओरबाडायचा?"

"मी पिंजऱ्यातून बघत होतो, मला मागची बाजू दिसायची नाही," राघू म्हणाला. "पण खांब होता, हे मी शपथेवर सांगतो."

अण्णांना एवढं बस्स झालं. दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले.

पहिला खांब त्यांनी पांगाऱ्याच्या वाळक्या ओंडक्याचा केला. हलका, सुबक, खाली एक पातळ फळी. मोहाच्या शेजारी उभा केला आणि आडोशाला बसून राहिले. हिराक्का आली. तिने खांब हुंगला, खुशीत मान हलवली आणि झेप घेतली. खांब तिच्यासकट आडवा! बिबळीण कितीही शूर असली तरी पायाखालचं फर्निचर सरकलं की घाबरतेच. ती जी उडाली, ती थेट मोहाच्या शेंड्याला जाऊन चिकटली आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत खाली आली नाही. एरवी दोन पंजांचे ओरखडे पडायचे, त्या दिवशी चारांचे पडले.

"पाया जड पाहिजे," राघू फांदीवरून म्हणाला. "आमच्या शहरात पाया जडच असतो."

"मग काल का नाही बोललास?"

"काल तुम्ही विचारलं नाहीत."

अण्णांनी खड्डा खणला, धोंडे भरले, शिसवाचा खांब ठोकून बसवला. हत्तीने ढकलला तरी हलला नसता. पण उंची घेतली ती स्वतःच्या मापाने. चार पायांवर उभे असताना अण्णांचं नाक जिथे पोचतं, तिथे खांब संपला. हिराक्का आली. उभं राहून अंग ताणायला बघते तर पंजे हवेत. तिने थोडा विचार केला, खांबाच्या टोकावर हनुवटी टेकली, आणि तिथून मोहाच्या झाडाकडे प्रेमाने बघत बसली.

मग उठून झाडाकडे गेली. कर्रर्र!

अण्णांचे डोळे भरून आले. पण आता ते हट्टाला पेटले होते. तिसऱ्या खांबासाठी त्यांनी घायपात तोडली, ओढ्यात भिजत घातली, दगडावर झोडपून तिचा वाख काढला आणि वाखाचा जाडजूड दोर वळला. काट्यांनी हात सोलपटले. उंच खांब उभा केला, हिराक्का उभी राहील त्याच्याही वर जाईल एवढा. त्याला खालपासून वरपर्यंत दोर गुंडाळला, वेढ्याला वेढा घट्ट भिडवून. वर दोन फळ्या, त्यावर ऐसपैस मचाण. खरं सांगायचं तर काम झकास झालं होतं. कोंडाबाईनेसुद्धा बाहेर येऊन एकदा पाहिलं आणि काहीही न बोलता आत गेली. म्हणजे तिला आवडलं होतं.

सगळं जंगल बघायला जमलं. हिराक्का आली. खांबाभोवती एक फेरी मारली. मग बाजूला, वाख वाहून आणलेली एक मोडकी टोपली पडली होती, तिच्यात जाऊन बसली. टोपली इवलीशी, बाई एवढी मोठी. चहूकडून ओसंडून वाहत होती. पण डोळे मिटून अशी काही बसली, की जन्माचं सार्थक झालं.

"हे आमच्या शहरातही असंच व्हायचं," राघू म्हणाला.

अण्णांनी त्याच्या दिशेने एक धोंडा भिरकावला.

संध्याकाळी अण्णा खांबाखाली डोकं धरून बसले होते. तेवढ्यात नारोबा आला. आजवर तो कधी इतक्या हळुवार पावलांनी आला नव्हता.

"अण्णा, खांब उत्तम आहे. जागा चुकली," तो म्हणाला. "शेजारी खरं झाड असताना दोराला कोण विचारतो? खांब दुसरीकडे हलवा."

"कुठे हलवू? बिबळीण रोज उजाडता दारात येणार, हे कोण सोसून घेईल?"

नारोबाने मोठा उसासा टाकला. "शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? ठेवा माझ्या अंगणात. मी सोसेन त्रास."

अण्णांना भरून आलं. त्यांनी कोल्ह्याला मिठीच मारली. आतून कोंडाबाई म्हणाली, "अहो, जो आपण होऊन ओझं मागतो, त्याच्या पाठीकडे एकदा बघून घ्यावं." पण मिठीत असताना कुणाला ऐकू येतं?

नारोबाने नुसती जागा दिली नाही, अक्कलही दिली. हिराक्काने काढलेल्या मोहाच्या साली खाली पडल्या होत्या. त्यांना तिचा वास होता. त्या गोळा करून दोराच्या वेढ्यांत खोचायला सांगितल्या. आणि मोहाच्या बुंध्याला बोरीच्या काट्या बांधायला सांगितल्या. हिराक्का आली, पंजा मारला आणि "अयाई गं!" म्हणून मागे सरली. मग स्वतःच्याच वासाचा माग काढत ओढा ओलांडून गेली. तिथे खांब. तिने पंजे रोवले, ओढले. दोर चरचरला. पुन्हा ओढले. मग फळीवरून फळीवर उड्या मारत मचाणावर गेली, पाठीवर लोळली आणि घुर्र घुर्र करायला लागली.

अण्णांनी आनंदाने उडी मारली. जमीन हादरली.

त्यांचा जाहीर सत्कार झाला. पळसाच्या पानांची शाल, आणि नारळ जंगलात कुठला, म्हणून एक बेलफळ. राघूने भाषण केलं की असा खांब आमच्या शहरातसुद्धा नाही. प्राणी अण्णांना 'खांबमहर्षी' म्हणू लागले. अण्णा शाल पांघरूनच झोपायचे. शाल वाळली, तिचा चुरा झाला, तरी तो चुरा अंगावर घेऊन झोपायचे.

मोहाची साल हळूहळू भरून आली. अण्णांनी काट्या काढून टाकल्या. बुंधा कसा गुळगुळीत, नितळ दिसू लागला. अण्णा त्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "कोंडे, बघ, एक ओरखडा आहे का?"

"नाही हो," कोंडाबाई म्हणायची. "एकही नाही." आणि उगीचच ओढ्याकडे बघायची.

चैत्र आला. एका पहाटे अण्णा फुलं वेचायला बाहेर आले, तर अंगणात मचमच मचमच. बघतात तर रानडुकरांचा अख्खा कळप! फुलं संपत आली होती आणि काहीजण झाडाची मुळं उकरत होते.

"कोण आहे रे ते?" अण्णा गरजले. छाती काढून दारात उभे राहिले. सगळा दरारा त्यांनी एका जागी गोळा केला.

कळपाचा म्होरक्या होता दात्या. त्याने मान वर केली. "राम राम. आपण कोण?"

"मी कोण? मी झिपरूअण्णा! हे माझं अंगण आहे!"

"असं होय? तुम्ही इथे राहता?" दात्या फुलं चघळत म्हणाला. "आम्हाला वाटायचं, हे हिराक्काचं घर. तिची नखं होती ना झाडावर. ज्या दारी बिबळ्याची नखं, त्या दारी आम्ही तोंड घालत नाही. रीत आहे आमच्यात."

"पण... पण माझा दरारा?"

दात्याने मागे वळून कळपाला विचारलं, "काय रे, कुणी पाहिलाय का यांचा?" कुणीच पाहिला नव्हता. ते सगळे परत खाली माना घालून उकरायला लागले.

अण्णांना आत्ता कुठे उमगलं. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर ते छाती काढून फिरत होते, तो दरारा त्यांचा नव्हताच. तो हिराक्काचा होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने दोर गुंडाळून ओढ्यापलीकडे नेऊन दिला होता.

ते तडक नारोबाच्या अंगणात गेले. तिथे एकही खड्डा नव्हता. बोरी लगडल्या होत्या. नारोबा सावलीत पडून कंद खात होता आणि हिराक्का मचाणावर लोळत होती.

"हिराक्का, बाई, परत ये गं," अण्णा म्हणाले. "हवं तेवढं ओरबाड. साल काढ, फांद्या मोड. रोज ये."

हिराक्काला वाईट वाटलं. तिने खाली उतरून त्यांच्या खांद्याला डोकं घासलं. "अण्णा, तुम्ही इतकं छान करून दिलंत ना, की आता सालीत नखं घालायची म्हटलं तरी अंगावर शिरशिरी येते. खरखरीत असते हो ती!"

"सवयीचा परिणाम," नारोबा म्हणाला. "मी सोसतोय, अण्णा. तुम्ही माझी काळजी करू नका."

मग अण्णांनी स्वतःच प्रयत्न केला. नखं काय, अस्वलालाही असतात. भल्या पहाटे उठून, मागच्या पायांवर उभं राहून, ज्या झाडाचं पान तुटलं तर जेवण जात नसे त्याच झाडावर त्यांनी डोळे मिटून पंजे ओढले. डुकरं आली, वास घेतला. "अस्वलाचं आहे," दात्या म्हणाला. "मधाचा वास येतोय. छान आहे." आणि कामाला लागली.

फुलं संपली तशी डुकरं मुळांखालच्या किड्यांमागे लागली. अण्णा दिवसभर माती लोटायचे, डुकरं पहाटे उकरायची. अण्णांच्या अंगात जोर कमी नव्हता, पण डुकरं पुष्कळ होती. मुळं उघडी पडली. आणि वैशाखात एका दुपारी वावटळ आली. फार मोठी नव्हती. एरवी त्या झाडाने तिच्याकडे लक्षही दिलं नसतं.

मोह आडवा झाला.

अण्णा त्याच्या बुंध्याला मिठी मारून लहान मुलासारखे रडले. कोंडाबाई शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली नाही. तेवढी ती भली होती.

सगळं जंगल भेटायला आलं. नारोबाही आला. तो बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग झाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"फार वाईट झालं, अण्णा," तो म्हणाला. "शब्द नाहीत माझ्याकडे. बाकी लाकूड काय सरळ निघालंय हो!"

अण्णांनी वर बघितलं.

"नाही, सहज म्हणालो. तो खांब आता डुगडुगायला लागलाय. हिराक्का बिचारी घाबरत घाबरत चढते. तिच्या वजनाला असाच बुंधा पाहिजे. आणि तो बसवणार कोण? जंगलात खांबमहर्षी एकच आहेत."

"आमच्या शहरात," राघू म्हणाला, "जुन्या लाकडाला फार मान आहे."

"अण्णा, खरंच कराल?" हिराक्का हरखून म्हणाली. "तुमच्या हाताची सर कुणाला नाही हो!"

सगळे प्राणी अण्णांकडे बघत होते. अण्णांनी डोळे पुसले. नाक ओढलं. घसा खाकरला.

"पाया मात्र आणखी खोल घ्यावा लागेल," ते म्हणाले, आणि माप घ्यायला दोर आणण्यासाठी घरात गेले.

आता तो मोह नारोबाच्या अंगणात उभा आहे. अंगभर दोर, वर मचाण. रोज उजाडता हिराक्का येते आणि अंग ताणून त्याला ओरबाडते. रानडुकरं लांबून वळसा घालून जातात. चैत्रात अण्णा ओढा ओलांडून येतात, त्या खांबाखाली उभे राहतात आणि सवयीने खाली जमिनीवर बघतात. कधी कधी त्यांचा हात नकळत बुंध्याकडे जातो.

"अण्णा, हात नका लावू हं," नारोबा ओसरीवरून म्हणतो. "दोर खराब होतो."

"हो, हो," अण्णा म्हणतात आणि हात मागे घेतात.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या झाडावर ओरखडे पडू नयेत असं वाटत असेल, तर झाड शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन द्यावं. ओरखडे तिथेही पडतात. पण मग ते आपल्या झाडावर नसतात. शिवाय शाल मिळते.